उपवासकाळ आणि योहानाचा चौथा अध्याय

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस, सुरू झाला की आमच्या मंडळीत एकमेकांना विचारला जाणारा पहिला प्रश्न "यंदा काय सोडलेस?" हा असतो. कोणी मटण-मासे सोडतात, कोणी चहा, कोणी साखर. अलीकडे तरुण मुले मोबाइलवरच्या मालिका सोडतात. या सोडण्याला मी कमी लेखत नाही. पोटाला लागलेली भूक मनाला जागे ठेवते, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण सोडलेल्या गोष्टीच्या जागी काय घ्यायचे, हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझा अनुभव असा आहे की विश्वास वाढतो तो त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून. म्हणून गेली काही वर्षे मी उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पवित्र शास्त्रातला एकच अध्याय निवडते आणि पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, त्या अध्यायातच राहते. यंदा तो योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आहे आणि त्यातही पहिली बेचाळीस वचने, म्हणजे सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशू आणि एक शोमरोनी स्त्री (यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या समाजातली) यांच्यात झालेला संवाद.

एकाच उताऱ्यावर इतके दिवस काय करायचे, असे मला अनेकांनी विचारले आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी गिगो दुसरा याने शास्त्रवाचनाच्या शिडीला चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात निवांत राहणे. माझा सगळ्यांत जास्त वेळ दुसऱ्या पायरीवर जातो. सुरुवातीचे काही दिवस मी संपूर्ण उतारा मोठ्याने वाचते, कारण डोळे जे वगळतात ते कानांना वगळता येत नाही. त्यानंतर रोज दोन-तीन वचनेच घेते आणि वहीत साधे प्रश्न लिहिते: इथे कोण बोलत आहे, कोण गप्प आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोणाला काय हवे आहे. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचे तक्ते चांगलेच असतात, त्यांच्यामुळे शास्त्राचा पसारा डोळ्यांखालून जातो. पण उपवासकाळात मी ते बाजूला ठेवते, कारण रोजचा कोटा पूर्ण करायचा म्हटले की नेमके आपल्याला बोचणारे वाक्य मागे टाकून पुढे जाण्याची सोय होते.

हा अध्याय मी माझ्या मर्जीने निवडला असला तरी उपवासकाळाशी त्याचे नाते जुने आहे. प्राचीन मंडळीत पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या उमेदवारांची तयारी या दिवसांत होत असे. आजही रविवारी वाचायच्या उताऱ्यांच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी शोमरोनी स्त्री, चौथ्या रविवारी जन्मांध मनुष्य आणि पाचव्या रविवारी मरणातून उठवलेला लाजर, असे योहानाचे तीन दीर्घ उतारे कॅथलिक मंडळीत आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही वाचले जातात. पाणी, प्रकाश आणि जीवन हा क्रम बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना डोळ्यांपुढे ठेवून लावलेला आहे. ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला अशा आपल्यासारख्यांनी हे उतारे उमेदवार होऊन वाचावेत, असे मला मनापासून वाटते.

आता त्या विहिरीकडे येते. यहूदीयातून गालीलाकडे निघालेला येशू चालून थकला आणि विहिरीवर बसला, असे योहान सांगतो. देवाचा पुत्र थकतो, हे एवढेसे वाक्य माझ्यासाठी अनेक सकाळी पुरले. ही विहीर आजच्या नाब्लुस शहरात, बलाटा वस्तीजवळ, एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत दाखवली जाते. ती सुमारे ४० मीटर खोल आहे. म्हणजे "विहीर तर खोल आहे आणि आपल्याजवळ पोहरा नाही" असे ती स्त्री म्हणते तेव्हा ती अगदी व्यवहाराचे बोलत असते. विहिरीवरून मान वर केली की गरिज्जीम डोंगर दिसतो. शोमरोन्यांचे मंदिर त्या डोंगरावर होते आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हिर्कानस या यहूदी राज्यकर्त्याने ते पाडले. "आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली आणि तुम्ही म्हणता यरुशलेमातच करावी" हा तिचा प्रश्न विषय टाळण्यासाठी केलेला आहे, असे अनेक उपदेशांत ऐकायला मिळते. मला ते पटत नाही. शंभराहून अधिक वर्षांची जखम तिच्यासमोर उभी होती, आणि ज्यांनी ती केली त्यांच्यापैकी एक जण समोर बसलेला असताना तिने तो प्रश्न विचारला, यात मला तिचे धैर्य दिसते.

वेळ सहाव्या तासाच्या सुमाराची, म्हणजे सूर्योदयापासून मोजली तर भर दुपारची. बदनाम असल्यामुळे ती इतर बायकांना चुकवून दुपारी आली, असे समजण्याची प्रथा आहे. माझ्या आजीचे गाव पारनेर तालुक्यातले, आणि मार्च महिन्यातली तिथली विहीर मी पाहिलेली आहे. टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो ती वेळ टँकरवाल्याची असते, गावाची नसते. बाराच्या उन्हात कठड्यावर वीस-पंचवीस दोर एकदम सुटतात, प्लॅस्टिकचे डबे एकमेकांवर आपटतात, वर येईपर्यंत अर्धे पाणी सांडते आणि तळाचा गाळ मिसळलेले उरलेले पाणी फडक्यातून गाळून हंड्यात जाते. ज्या बाईच्या घरी पाणी संपले ती दुपारी जाते, आणि पुन्हा संपले तर संध्याकाळीही जाते. "म्हणजे मला तहान लागणार नाही आणि पाणी काढायला इथवर यावे लागणार नाही" या त्या स्त्रीच्या वाक्यात आध्यात्मिक अर्थ न कळल्याची खूण शोधणारे अनेक विवेचक भेटतात. मला त्यात आधी दुखणारी कंबर आणि तळहाताला दोर घासून आलेले घट्टे दिसतात. त्या थकव्याबद्दल येशू तिला एका शब्दानेही बोल लावत नाही. थकलेला तोही आहे.

आणि तो पहिले वाक्य काय बोलतो? "मला प्यायला पाणी दे." महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या वाक्याचे भाष्य कोणाकडून घ्यावे लागत नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, या एका प्रश्नावर आपल्या गावांची रचना शतकानुशतके उभी होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच प्रश्नाला उत्तर म्हणून. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मंजूर केला, महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी हजारो माणसांसाठी बंदच राहिले. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्यामागे सारा समुदाय ते पाणी प्याला. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, आणि १०८ घागरींचा विधी करून, त्यात शेण आणि गोमूत्र मिसळून, तळे शुद्ध केल्याचे जाहीर करण्यात आले. तारीख पडताळून पाहिली तेव्हा लक्षात आले की तो रविवार उपवासकाळाचा तिसरा रविवार होता. त्या काळी आजचे वाचनचक्र अस्तित्वात नव्हते, त्यामुळे त्या दिवशी कोणत्या चर्चमध्ये हा उतारा वाचला गेला असेल असे मी म्हणत नाही, आणि महाडचा लढा माणुसकीच्या हक्काचा होता, त्याच्यावर ख्रिस्ती मोहोर उमटवण्याचा मला अधिकारही नाही. पण आता तिसऱ्या रविवारी हे शुभवर्तमान वाचले जाते तेव्हा चवदार तळे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि ते हलू नये अशीच माझी प्रार्थना आहे.

कारण येशू इथे पाणी देण्याची परवानगी देत नाही, तो ते मागतो. उच्च मानल्या गेलेल्या कुळातला पुरुष, अशुद्ध मानल्या गेलेल्या स्त्रीच्या भांड्याला तोंड लावायला तयार आहे, आणि त्याच्याकडे स्वतःचा पोहराही नाही. दातृत्वाने सुरुवात केली असती तर तो वरच राहिला असता. त्याने गरजेपासून सुरुवात केली. तिला याचा धक्का बसतो, आणि "आपण यहूदी असून माझ्यासारख्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी कसे मागता?" असे ती तोंडावर विचारते.

हे वचन आपल्या मंडळ्यांनाही सोडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि पुढे हजारो माणसे मुख्यतः महार आणि मांग समाजांतून प्रभूकडे आली. माझे पणजोबा त्यांच्यापैकीच एक. पाणवठ्यावरून हाकललेल्या लोकांना एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेता आले, ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगितली जाते, आणि अभिमान बाळगण्यासारखीच ती आहे. तरीही आजच्या ख्रिस्ती घरांत लग्नाचे स्थळ आले की आधी कोणत्या प्रश्नाची हळू आवाजात चौकशी होते, आणि काही गावांत दफनभूमीच्या कोपऱ्यांची वाटणी कशी झालेली आहे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? उपवासकाळात कपाळावर राख घेताना या पापाचे नाव उच्चारले गेले पाहिजे. वैयक्तिक रागलोभाच्या कबुलीमागे ते लपून राहते.

उपवासकाळाच्या त्या तिसऱ्या रविवारी जुन्या करारातून निर्गमाच्या सतराव्या अध्यायातला मस्सा आणि मरीबा येथील प्रसंग जोडीने वाचतात. तहानलेले इस्राएल लोक मोशेशी भांडतात आणि "परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही?" असे विचारतात. तिथे माणसे देवाकडे पाणी मागतात, सूखारला देव माणसाकडे पाणी मागतो, आणि हे दोन्ही उतारे एका सकाळी शेजारी ठेवून वाचले की प्रार्थनेसाठी वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत.

आता तिच्या पाच नवऱ्यांविषयी. या अध्यायावरचे मी ऐकलेले बहुतेक उपदेश याच वचनावर रेंगाळतात आणि ती पापिणी होती असे गृहीत धरून चालतात. मूळ उतारा तसे म्हणत नाही. येशू तिला "पुन्हा पाप करू नकोस" असे म्हणत नाही, क्षमेचा शब्दही उच्चारत नाही. तो तिची परिस्थिती सांगतो आणि ती खरे बोलली असे दोनदा म्हणतो. त्या काळच्या यहूदी नियमशास्त्राप्रमाणे सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार पुरुषाचा होता, आणि नवरा निपुत्रिक वारला तर त्याच्या भावाने विधवेशी लग्न करण्याची पद्धत होती. पाच वेळा विधवा झालेली, किंवा पाच वेळा टाकलेली, किंवा दोन्हींतले काही भोगलेली आणि आता नावापुरत्या आसऱ्याला राहिलेली बाई, असे वाचले तर काय दिसते? निदान मला तरी तिच्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका दिसतात.

हा अध्याय असा वाचणारी सर्वांत मोठी मराठी वाचक म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृत शास्त्रांत पारंगत, १८७८ साली कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरवलेली, आणि चोविसाव्या वाढदिवसाच्या आतच विधवा झालेली ही स्त्री १८८३ साली इंग्लंडला गेली. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना तिला लंडनमधील फुलहॅमच्या आश्रमात नेण्यात आले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळले जात होते. हे पाहून ती हलून गेली आणि शिकवणाऱ्या भगिनीला तिने विचारले, की तुम्हाला या बायकांची इतकी काळजी का वाटते? उत्तरादाखल त्या भगिनीने तिला योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः नोंदवला आहे. भारतातल्या आणि सर्व देशांतल्या दडपलेल्या स्त्रीजातीला उचलून धरणारा तारणारा ख्रिस्तच, हे त्या अध्यायाने आपल्याला पटले, असा त्या नोंदीचा आशय आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिचा आणि तिची लहान मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

मला या कहाणीचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि तो क्वचित सांगितला जातो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण खुद्द ख्रिस्त सापडलेला नाही, असे रमाबाईंच्या लक्षात आले. एवढी बुद्धी, एवढा व्यासंग, मुंबईत १८८९ साली उघडलेले आणि पुण्याला हलवलेले शारदा सदन, विधवांसाठी चाललेली अखंड धडपड, हे सारे सुरू असतानाही अंतःकरणाची तहान तशीच होती. मग त्या पुन्हा शास्त्राकडे वळल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली वाढत होत्या, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले होते, आणि त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणत होत्या. वाक्य चुलीपाशी बसणाऱ्या बाईला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि छापखान्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते दिवसही उपवासकाळाचेच होते, कारण त्या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार १६ एप्रिलला होता. त्यांचे भाषांतर १९२४ साली छापून पूर्ण झाले. एका अध्यायाने आयुष्याची दिशा बदलणे आणि मग उरलेले आयुष्य त्या अध्यायाला आपल्या माणसांच्या बोलीत आणण्यात घालवणे, याहून वेगळी अशी विश्वासाची वाढ मला माहीत नाही. "आठ वर्षांनी" या शब्दांचा मला फार आधार वाटतो. बाप्तिस्मा झाला, उपासनेला नियमित जातो, वर्गणी देतो, तरीही आत काहीतरी कोरडे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी रमाबाईंची ती आठ वर्षे आठवावीत आणि शास्त्र उघडत राहावे.

अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात ती स्त्री आपली घागर तिथेच टाकून गावात जाते. या घागरीवर आमच्या मंडळीतल्या बायकांच्या वाचनगटात मोठी चर्चा झाली. जुने जीवन मागे सोडल्याची ती खूण आहे, असे एकीने सांगितले, आणि ते विवेचन प्रचलित आहे. पण गटातल्या एका वयस्क मावशींना ते मान्य नव्हते. त्या म्हणाल्या, "अगं, घागर अशी कोणी टाकून देते का? त्याला तहान लागली होती ना? त्याच्याकडे पोहरा नव्हता. तो पिऊ दे म्हणून तिने ठेवली असेल." सगळ्या गप्प झाल्या आणि पुन्हा पुस्तके उघडली गेली. येशू पाणी प्याला असे संपूर्ण अध्यायात कुठेच लिहिलेले नाही. शिष्य अन्न घेऊन आले, त्यांनी आग्रह केला, तेव्हा पित्याची इच्छा पूर्ण करणे हेच माझे अन्न आहे, असे तो म्हणाला. तिने दिले की नाही, तो प्याला की नाही, हे योहानाने सांगितलेले नाही. मावशींचे मत सिद्ध करता येणार नाही, पण ज्यांनी घागरी वाहिल्या आहेत त्यांनाच सुचेल असा हा अर्थ आहे, आणि तो ऐकल्यापासून ती स्त्री माझ्यासाठी अधिक खरी झाली आहे. तिची घागर त्याच्याजवळ राहिली आणि त्याचे वचन तिच्याबरोबर गावात गेले. त्या गावाने त्याला ठेवून घेतले आणि तो शोमरोन्यांच्या घरी दोन दिवस राहिला. तिथे त्याने कोणाच्या हातचे खाल्ले-प्यायले असेल, हे सांगायला नकोच.

योहानाच्या शुभवर्तमानात सहावा तास पुन्हा एकदा येतो, एकोणिसाव्या अध्यायात, पिलात येशूला लोकांपुढे आणतो तेव्हा. आणि त्याच अध्यायात तहानही पुन्हा येते: "मला तहान लागली आहे." तिथे घागर नसते, एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भरलेला बोळा असतो. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत असे योहानाच्या मनात होते की नाही, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. माझ्यापुरती ती वाट उघडलेली आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते आणि क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार माझ्याकडे दिला आहे. मी सुरुवात सूखारपासून करणार आहे, आणि मावशींचे मत त्यांचे नाव घेऊन सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून आधीच घेतली आहे.